ऐकल्याशिवाय मत नाही

खोक्यांच्या कारखान्यात शनिवारी दुपारी एक वाजता मशिनं थांबत आणि त्यानंतरचा पाऊण तास जगात दुसरं काही महत्त्वाचं उरत नसे. निदान त्या चौघांपुरतं तरी नाही. पुठ्ठ्याच्या तावांच्या थप्प्या बाजूला सारून लांब टेबल मोकळं केलं जाई, चार डबे उघडले जात आणि मास्तर कानावरची पेन्सिल काढून म्हणत, "हं, कोण सुरू करतंय?"

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. शाळेचा आणि त्यांचा संबंध आठवीतच संपला होता. एकवीस वर्षं ते पंचिंग मशीनवर उभे होते. सपाट ताव आत सारायचा, मशीन धाडकन मिटायचं, उघडलं की ताव खोक्याच्या आकारात कापलेला आणि घड्या पडलेला बाहेर यायचा. पण यादी ते ठेवत, बेरीज ते करत आणि दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. म्हणून मास्तर.

यादी म्हणजे आठवड्याची दहा गाणी. प्रत्येकाने आपली दहा सांगायची, पहिल्याला दहा गुण, दहाव्याला एक. चौघांची बेरीज करायची आणि जो निकाल येईल तो पुठ्ठ्याच्या कातरणीवर लिहून शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवायचा. कोणतं गाणं चढलं, कोणतं उतरलं, त्याचे बाण काढायचे. नवीन आलं तर चांदणी. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी वर्षाची यादी व्हायची, तीही कातरणीवर नाही, पांढऱ्या कोऱ्या तावावर. अशी एकोणीस वर्षं झाली होती.

ज्याला यादीचं वेड नाही त्याला त्यातली गंमत सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो विचारणार, गाणं आवडलं तर ऐकावं, नंबर कशाला लावायचे? त्याला काय कळणार, की आपलं गाणं अकराव्यावर अडकून आठवडाभर बाहेर राहिलं तर जेवताना घास कसा फिरतो. आणि पुढच्या शनिवारी तेच नवव्यावर आलं, की एखाद्या भाच्याला नोकरी लागल्यासारखा कसा आनंद होतो. शिलाईवाल्या ताईंनी एकदा नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला होता, कारण त्याने त्यांच्या पहिल्या नंबरच्या गाण्याला "बरं आहे" म्हटलं होतं.

या ताई तारेच्या मशीनवर खोक्यांचे कोपरे शिवत. रेडिओ त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर असे. गोंदवाल्या मावशी वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांना प्रेमभंगाचीच गाणी लागत आणि त्या ती हसत हसत ऐकत. चौथा ड्रायव्हर. तो खोकी टेम्पोत भरून गिऱ्हाइकांकडे पोचवायचा आणि दिवसभर टेम्पोत रेडिओ ऐकायचा. त्याला फक्त ढोल-ताशे, ड्रम, डबे, जे काही बडवता येईल ते सगळं आवडायचं.

मास्तर आणि ड्रायव्हर यांचं गाण्याच्या बाबतीत विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. मास्तरांना आवाज लागायचा. बारीक, उंच, वर जाऊन हळूच वळणारा आवाज आणि मागे एखादं तंतुवाद्य. ड्रायव्हरच्या गाण्यांना ते "डबेबडवी" म्हणत. त्याने यादी वाचली की प्रत्येक गाण्यावर त्यांचा एकेक शेरा ठरलेला. "यात शब्द आहेत होय? मला वाटलं गोदामात मांजर शिरलं." ड्रायव्हर उलट काही बोलत नसे. तो गालातल्या गालात हसायचा आणि पुढच्या आठवड्यात आणखी बडवणारं गाणं आणायचा.

यादीचे नियमही मास्तरांचेच. एकच गाणं सलग पाच आठवडे आपल्या पहिल्या नंबरावर ठेवलं, की सहाव्या आठवड्याला ते आपल्या यादीतून काढायचं. इतर गाण्यांनाही पोट असतं. पेन्सिल खाली ठेवली की वाद बंद. आणि सगळ्यांत मोठा नियम पहिला: जे गाणं त्या आठवड्यात स्वतःच्या कानांनी ऐकलं नाही, त्याला मत नाही.

हा नियम ड्रायव्हरमुळेच झाला होता. फार वर्षांपूर्वी त्याने मेहुण्याच्या शब्दावर एका गाण्याला दहा गुण दिले. मास्तरांनी सहज विचारलं, "दुसऱ्या कडव्यानंतर काय होतं त्यात?" ड्रायव्हरला कबूल करावं लागलं, की गाणं मेहुण्याने ऐकलंय, त्याने नाही. मास्तरांनी त्याचं मत चार शनिवार बंद ठेवलं. ते चार शनिवार तो टेबलाशी चहा पीत नुसता ऐकत बसला होता. टेबलाकडे फिरकला नसता तरी कोणी काही बोललं नसतं, पण तो आला आणि बसला.

हे सगळं सांगायचं कारण, गेले काही महिने मास्तरच न ऐकता मत देत होते.

त्यांच्या कानातून आवाज हळूहळू निघून गेले होते. आधी घराची बेल गेली. मग रेडिओवरच्या बायकांचे आवाज पुसट झाले, मग तंतुवाद्यं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात, आणि हे मशीनजवळ उभं राहूनच झालंय. बायकोने मागे लागून कानाचं मशीन आणवलं. मास्तरांनी ते पहिल्याच दिवशी लावून आपलं सर्वांत लाडकं गाणं ऐकलं. कोणीतरी पत्र्यावर खिळा ओढतंय असं वाटलं. त्यांनी मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात टाकली. एका मशिनाने कान नेले, दुसरं गाणी न्यायला आलंय, असं ते बायकोला म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

कामात अडचण नव्हती. पंचिंग मशीन नीट चाललंय की नाही हे त्यांच्या तळहाताला कळायचं. बोलण्यातही निभावत होतं, कारण कारखान्यात सगळेच ओरडून बोलतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. अडचण होती ती शनिवारची. त्यावर त्यांनी एक तोड काढली. शुक्रवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत रेडिओवरच्या वीस गाण्यांची यादी येई, खाली नव्या गाण्यांबद्दल दोन-दोन ओळी. मास्तर ती पाठ करत. चार जुनी गाणी आठवणीतून घेत, सहा पुरवणीतून, नंबर थोडे इकडेतिकडे करत. इतरांच्या गाण्यांवर मात्र काही बोलायला ते धजत नसत, कारण बोललं की कोणीतरी उलट विचारणार. त्यापेक्षा मुकाट्याने गुण लिहून घ्यावेत हे बरं. आपण मोठं शहाणपण करतोय असं त्यांना वाटत होतं.

वर्षाची यादी चार शनिवारांवर आली होती. त्या शनिवारी ताईंचं झालं, मावशींचं झालं. ड्रायव्हरने चौथ्या आठवड्यालाही "दार वाजव"ला पहिला नंबर दिला. मास्तरांनी शांतपणे लिहून घेतलं. मग त्यांनी स्वतःची यादी वाचायला घेतली.

"पहिला नंबर, 'पाचवा जिना'," ते म्हणाले. "दहा गुण."

ताईंचा घास हातातच राहिला. "हे कधी लागलं?"

त्या प्रश्नाने मास्तर गडबडले. पण पुरवणीत आठव्या नंबरावर चांदणीसकट छापलेलं होतं, तेव्हा माघार घेण्याचं कारण नव्हतं. ते जरा जास्तच बोलले. "अहो, काय गायलाय. शेवटी तो आवाज खाली खाली आणतो ना, तिथे मी पायरीवर बसलो. बायकोने विचारलं, काय झालं म्हणून."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "लागलं होतं की. बुधवारी सकाळी, एकदाच. मी टेम्पोत ऐकलं. शेवट खरंच चांगला आहे."

"बघा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पुढची नऊ भराभर वाचून टाकली. "पाचवा जिना" सातवं आलं. मास्तरांनी त्याच्यापुढे चांदणी काढली आणि कातरण खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी होत्या. शुक्रवारच्या पुरवणीतल्या यादीत "पाचवा जिना" हे गाणं अनवधानाने छापलं गेलं, ते येणार म्हणून आधीच धरलं होतं; गाणं अद्याप कुठेही वाजलेलं नाही, पुढल्या महिन्यात येईल; वाचकांनी नोंद घ्यावी. मास्तरांनी नोंद घेतली. ते पान त्यांनी तीनदा वाचलं आणि घडी घालून मांडीखाली ठेवलं, जणू बायकोने ते पाहिलं तर तिला सगळं कळणार होतं.

न वाजलेल्या गाण्याला आपण दहा गुण दिले, शेवट वाखाणला, वर पायरीवर बसल्याचं सांगितलं. लाजेने त्यांचे कान तापले. कान तेवढे अजून तापत होते. पण त्याहून वाईट गोष्ट त्यांच्या थोड्या वेळाने लक्षात आली. गाणं वाजलंच नव्हतं, तर ड्रायव्हरने बुधवारी काय ऐकलं?

सोमवारी सकाळी ड्रायव्हर टेम्पोत खोक्यांचे गठ्ठे रचत होता. मास्तर त्याच्या समोर जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरचा आवाज जाड होता. तो त्यांना बराचसा ऐकू यायचा.

"'पाचवा जिना' वाजलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"नाही."

"तुला माहीत होतं."

"आठवडाभर रेडिओवर तेच सांगत होते, पुढे ढकललं म्हणून." ड्रायव्हरने एक गठ्ठा आत सारला. "कोणाच्याही तोंडातून चुकून जातं, मास्तर."

"चुकून नाही गेलं. मला ऐकू येत नाही."

एकदा बोलल्यावर त्यांना वाटलं, हे वाक्य किती छोटं आहे. ते चार महिने त्याच्याभोवती घिरट्या घालत होते.

ड्रायव्हरने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "ठाऊक आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. दोन महिने झाले, तुम्ही माझ्या एकाही गाण्याला शिवी दिली नाही. 'दार वाजव' पहिल्यांदा आणलं तेव्हा मला वाटलं, आज आपली काही धडगत नाही. तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात आणि लिहून घेतलंत. घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, मास्तरांचं काहीतरी बिनसलंय."

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आपण जे शहाणपण समजत होतो त्यानेच आपल्याला उघडं पाडलं होतं. झाकायला गेलो आणि झाकणच वाजलं, असं त्यांच्या मनात आलं.

"मग तू खोटं का बोललास?"

"तुम्हाला तसं बघवेना मला."

"नियम मोडलास."

"मोडला. टाका चार शनिवार बाहेर."

"तुला नाही," मास्तर म्हणाले आणि आपल्या मशीनकडे गेले.

तो आठवडा त्यांना फार लांब गेला. गप्प बसलं असतं तर चाललं असतं. ड्रायव्हर कोणाला बोलणार नव्हता. पण खिळ्याला ती कातरण लटकत होती आणि सातव्या नंबरावर, चांदणीसकट, जगात नसलेलं एक गाणं होतं. एकोणीस वर्षांच्या याद्या वरच्या माळ्यावर खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. त्यांत चुकीच्या आवडी होत्या, हट्ट होते, मावशींनी रडक्या गाण्यांना वाटलेले गुण होते, पण गेल्या काही महिन्यांपर्यंत खोटं एकही नव्हतं. आता हे वर्षाच्या पांढऱ्या तावाच्या बेरजेत जाणार. आणि कबूल करावं तर ज्याने नियम केला त्यालाच टेबलावरून उठावं लागणार. टेबलावरून उठलं की शनिवार संपला, आणि शनिवार संपल्यावर आपल्याला काय उरतं याचा विचार मास्तरांनी करून पाहिला. फारसं काही सापडलं नाही.

शनिवारी एक वाजता त्यांनी मशीन बंद केलं, हात धुतले, खिळ्यावरची कातरण काढली आणि टेबलावर ठेवली. "कोण सुरू करतंय" असं ते म्हणाले नाहीत.

"आधी हे खोडायचंय," त्यांनी सातव्या ओळीवर पेन्सिल ठेवली. "हे गाणं वाजलेलं नाही. मी ऐकलेलं नाही. याच्या आधीचीही पुष्कळ ऐकलेली नाहीत. मला बारीक आवाज येत नाहीत आता. पुरवणीत वाचून मत देत होतो." त्यांनी ओळीवर रेघ मारली, चांदणीवरही मारली. "ऐकल्याशिवाय मत नाही. तेव्हा आजपासून माझं नाही. ताई, पेन्सिल तुम्ही घ्या."

त्यांनी पेन्सिल पुढे केली. ताईंनी ती घेतली नाही.

"मास्तर, रेडिओ माझ्या डोक्यावर असतो," ताई म्हणाल्या. त्या मुद्दाम हळू आणि त्यांच्याकडे तोंड करून बोलत होत्या. "ते गाणं वाजलं नाही हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मावशींनाही होतं."

"मग विचारलंत कशाला, कधी लागलं म्हणून?"

"तोंडातून निघून गेलं. आणि नंतर याने थाप मारली, तेव्हा कळलं की गप्प बसायचंय."

मास्तरांनी तिघांकडे पाहिलं. म्हणजे त्या पायरीवर बसल्याची कहाणी ऐकताना सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कोणी हसलं नव्हतं. त्यांना रडू येईल असं वाटलं. त्यांनी चहाचा पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी ते प्यायल्यासारखं करत राहिले.

मावशी मात्र थेट मुद्द्यावर आल्या. त्या टेबलावर वाकून म्हणाल्या, "ऐकू येत नाही तर नाही. म्हातारपणी कोणाचं काय, कोणाचं काय. माझे गुडघे गेले, मी लपवते का? तुम्ही का लपवलंत?"

मास्तरांनी पेला खाली ठेवला. "तुम्हाला कळलं असतं तरी तुम्ही मला बसू दिलं असतं, हे ठाऊक होतं मला. चहा दिला असता, बेरीज करू दिली असती. पण गाणं कसं वाटलं, असं मला कोणी विचारलं नसतं. त्याची भीती वाटली."

ते खरं होतं, आणि तिघांनाही ठाऊक होतं.

मग ड्रायव्हरने विचारलं, "कानाचं मशीन नाही का आणलं?"

"आणलंय. कपाटात आहे. त्यातून गाणं म्हणजे पत्र्यावर खिळा."

"कोणतं गाणं लावलंत?"

मास्तरांनी नाव सांगितलं. ड्रायव्हरने मान हलवली. "तुमची ती बारीक आवाजवालीच लावणार तुम्ही. गुरुवारी मला लांबची डिलिव्हरी आहे. कारखाना अर्धा दिवस बंदच आहे, विजेच्या कामासाठी. मशीन लावून टेम्पोत बसा."

"कशाला?"

"बसा हो. नाही आवडलं तर उतरा."

त्या शनिवारी मास्तरांचं मत धरलं नाही. तिघांच्याच याद्या झाल्या. बेरीज मास्तरांनी केली, पेन्सिल त्यांच्याकडेच राहिली. ताईंनी ती घ्यायला साफ नकार दिला होता. ड्रायव्हरने पाचव्या आठवड्याला "दार वाजव"ला पहिला नंबर दिला. मास्तर म्हणाले, "पाच झाले. पुढच्या खेपेला काढावं लागेल." ड्रायव्हर म्हणाला, "माहीत आहे."

गुरुवारी मास्तर टेम्पोत बसले ते दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखे. कानाचं मशीन लावल्यावर आधी सगळं अंगावरच आलं. गिअरचा खरखराट, मागच्या खोक्यांची घासाघीस, स्वतःच्या शर्टाची कॉलर. ड्रायव्हरने रेडिओ लावला. एक बाई गात होती. पत्रा आणि खिळा. दुसरं लागलं, तेही तसंच. मास्तरांचा हात मशीन काढायला कानाकडे गेला. ड्रायव्हर बघत होता. त्याने रेडिओ बंद केला आणि आपल्याकडचं गाणं लावलं.

"दार वाजव" सुरू झालं. ते आधी मास्तरांच्या पायांत आलं, मग सीटमधून पाठीत, आणि मग, त्यांना खरं वाटेना, कानात. जाड, गोल, जागच्या जागी. एकही ठोका फाटका नव्हता. गाणारा माणूसही जाड आवाजाचा होता. त्याचा शब्द न् शब्द कळत होता. दारामागे कोणीतरी आहे, तो उघडत नाही, हा वाजवतोय, एवढीच गोष्ट. शेवटच्या कडव्याआधी बडवणं एकदम थांबलं. एक पूर्ण ठोका काहीच नाही. मास्तर श्वास धरून बसले. मग पुन्हा सुरू झालं.

किती महिन्यांनी त्यांनी एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. ड्रायव्हरने समोर रस्त्याकडे बघत विचारलं, "परत लावू?" मास्तरांनी मान हलवली. जाता-येता मिळून ते गाणं त्यांनी नऊ वेळा ऐकलं. शेवटच्या तीन वेळा ते थांबण्याच्या जागेची वाट बघत होते.

शनिवारी टेबल मोकळं झालं. ताईंनी दहा सांगितली. मावशींनी दहा सांगितली, त्यांतली आठ रडकी. ड्रायव्हरने आपली सांगितली. नियमाप्रमाणे "दार वाजव" त्यात नव्हतं. ताईंना ते कधीच आवडलं नव्हतं, मावशींना तर त्याने डोकं उठायचं. म्हणजे इतके आठवडे एकट्या ड्रायव्हरच्या दहा गुणांवर तगलेलं गाणं आज यादीतून जाणार, हे उघड होतं.

"मास्तर?" ताईंनी विचारलं.

मास्तरांनी कानातलं मशीन जरा दाबून बसवलं. "माझं एकच गाणं आहे. बाकीची ऐकली, पण कळली नाहीत, त्यांना देत नाही. एक ऐकलं." त्यांनी कागदाकडे बघितलं, जणू तिथे काही लिहिलं होतं. "'दार वाजव'. दहा गुण."

ड्रायव्हरचा चेहरा पडला. तो आनंदाने उडेल अशी ताईंची समजूत होती, पण तो खाली बघायला लागला. "नको, मास्तर," तो म्हणाला. "मी तुम्हाला टेम्पोत नेलं म्हणून देताय. असं मत मला नको. खोडा ते."

"तुझ्यासाठी देतोय?" मास्तर म्हणाले. "तुला काय सोनं लागलंय? आणि गाणं चांगलं आहे असं कोणी म्हटलं? दुसऱ्या कडव्यात त्या माणसाने 'कडी' आणि 'गाडी' जुळवलंय. अरे, दारात उभा आहेस, गाडी कुठून आणलीस? पार्क कुठे केलीस? मधे ती कोणीतरी शिट्टी घातलीय, ती कुकरची आहे का कोणाची, विचार एकदा. आणि एवढं बडवल्यावर दार उघडलं नाही, तर समजावं माणसाने, की घरात कोणी नाही, का घरचे शहाणे आहेत. दहा गुण त्या मधल्या थांबण्याला आहेत. तेवढी एक जागा सोडली तर हे गाणं म्हणजे गोदामात मांजर नाही, आख्खा बैल शिरलाय."

त्यांनी दम घेतला. ताई तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. मावशींचे खांदे हलत होते.

ड्रायव्हरने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता, दोन्ही एकदमच.

"ऐकलंय त्यांनी," तो ताईंना म्हणाला. "लिहा."

पण पेन्सिल मास्तरांकडे होती. त्यांनीच लिहिलं, सहाव्या नंबरावर, खाली जाणारा बाण काढून. मग ते ड्रायव्हरकडे वळून म्हणाले, "आणि ती शिट्टी, ती कोणत्या कडव्यात आहे सांग बरं. का तूही नुसताच बडवण्याला डोलतोस?"

"दुसऱ्याच्या शेवटी," ड्रायव्हर म्हणाला.

"तिसऱ्याच्या सुरुवातीला," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.